घराखालचा वारा

आता मी जे सांगणार आहे ते कुणी खरं मानणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून मी उभं आयुष्य काढलं. तिथं खरं बोललो असतो तर मालकानं मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. एका शालूला मी अशी काही कहाणी चिकटवली होती की घेणाऱ्या बाईंनी तो कधी नेसलाच नाही, देव्हाऱ्यात ठेवला म्हणे. तर असा मी, गोपीनाथ, शपथेवर सांगतो की इथं ऑकलंडमध्ये, अवोन्डेलच्या आमच्या घराखाली समुद्र होता. तळघर वगैरे नाही, निव्वळ समुद्र. पायाखालची लाकडी पट्टी, तिच्याखाली हातभर अंधार, आणि त्या अंधारात समुद्र. त्याला भरती यायची. ओहोटी कशी ती त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

"ऐकतेयस ना?" मी विचारलं. ओवीनं, माझ्या नातीनं, मान हलवली. तिच्या नाकातोंडावर मास्क होता आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी औषधाची वाफ निघत होती, गाडीच्या इंजिनातून निघावी तशी. ती आठ वर्षांची आहे. वाफ संपेपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, असं नर्सनं तिला सांगितलंय, आणि तिला हलू न देण्याचं काम माझ्याकडे दिलंय. मला जमणारं एवढंच एक काम हॉस्पिटलच्या या इमारतीत होतं. बाकी सगळं यंत्रं करत होती. मी बोलत होतो आणि बोलता बोलता तिच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होतो. प्रत्येक श्वासाला तो आत जायचा, जणू आतून कुणी बोटानं ओढतंय. मग बरगड्यांमधली कातडी आत जायची. मग बाहेर. पुन्हा आत. मी गिऱ्हाइकाला उन्हाळ्यात मखमल विकलेली आहे. पण या पोरीला एक श्वास विकता येत नव्हता, फुकटही देता येत नव्हता.

समुद्राची पहिली बातमी आणली माझ्या कोटानं. पुण्याहून आणलेला काळा लोकरी कोट, कपाटात टांगलेला. एका सकाळी बघतो तर त्याला दाढी. पांढरी, मऊ, चांगली वाढलेली. विभावरीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, ती व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून काढली. आठवड्यानं पुन्हा दाढी, आता मिशांसकट. मी म्हटलं, "अगं, कोट वयात आलाय, त्याच्यासाठी स्थळं बघू." ती हसली नाही. ती इंजिनिअर आहे, पूल बांधणाऱ्या कंपनीत; तिला बुरशीतलं विनोदी काही दिसत नाही. मग ओवीच्या गादीची खालची बाजू काळपट झाली. मग खिडक्या सकाळी रडू लागल्या, इतक्या की विभावरी ऑफिसला जायच्या आधी घरभर टॉवेल घेऊन फिरायची. आणि मग ओवीचा खोकला. आधी तो नुसता खोकला होता. इथं सगळीच पोरं हिवाळ्यात खोकतात, डेअरीवाला खोकतो, बसचा ड्रायव्हर खोकतो. मी तिला सांगितलं, तुझ्या छातीत एक कोकिळा शिरलीय, वसंत आला की जाईल उडून. 'ओके' म्हणाली. तिला छातीतून शीळ ऐकू यायची तेव्हा ती मला बोलवून ऐकवायची. "आजोबा, शी इज सिंगिंग." आणि मी कान लावायचो आणि म्हणायचो, वा, काय तान आहे. आठवलं की माझं तोंड कडू होतं.

यशोधननं, माझ्या मुलानं, हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र आणलं. पांढरं, बुटकं, दिवसभर गुरगुरणारं. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटातली बादली भरायची. हवेतून पिळून काढलेलं पाणी, स्वच्छ, गार. ते मोरीत ओतायला माझा जीव होईना. पुणेकर माणूस मी, नळाला पाणी यायची वाट बघत वाढलेला. भरली बादली ओतून देणं म्हणजे पाप. तर ते पाणी मी रोज बाहेर नेऊन किल्ल्यावर घालत होतो. किल्ला म्हणजे दिवाळीचा, ओवीनं आणि मी केलेला, घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभा. पुण्यात तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतात. इथं मोडायला सांगणारं कुणी नव्हतं, आणि ओवी मोडू देईना. त्यावर मोहरी पेरली होती, तिची फुलंसुद्धा येऊन गेली, मग गवत आलं. मी बादली घेऊन जायचो, हळूहळू, पायरी पायरीनं, आणि गडावर पाऊस पाडायचो. आता कळतं, ते पाणी किल्ल्यातून मुरत भिंतीच्या पायाशी जायचं, भिंतीखालून घराखाली, तिथून वाफ होऊन लाकडाच्या फटींतून वर, खोलीत, ओवीच्या गादीत, ओवीच्या छातीत, आणि उरलेलं पुन्हा त्या यंत्राच्या बादलीत. तेच पाणी. हिवाळाभर मी एकच बादली फिरवत होतो. कुणी मानेल हे? मी स्वतः सांगितलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता.

"समुद्रात मासे होते?" ओवीनं मास्कच्या आतून विचारलं. म्हणजे ती म्हणाली, "वेअर देअर फिश?" पण मी ते मराठीतच ऐकतो. "बोलू नकोस," मी म्हटलं. "मासे नव्हते. गोगलगाई होत्या. तुमच्या शाळेच्या असेंब्लीसारख्या रांगेत बसलेल्या, आणि मधली मोठी गोगलगाय सगळ्यांना किया ओरा म्हणायची, इथला माओरी नमस्कार." तिचे डोळे हसले. डोळे हसले की श्वास लागतो, म्हणून मी घाईघाईनं गोष्ट कंटाळवाणी केली. हे एक नवंच शिकलो मी इथं. गोष्ट फार चांगली झाली तरी चालत नाही.

ओवीला इथं आणलं त्या रात्रीनंतर यशोधननं घर बघायला माणूस बोलावला. आज सकाळी आला तो. प्रसाद नावाचा, फिजीचा, चाळिशीतला, दंडावर ओंकार गोंदवलेला. माझ्याशी त्याच्या त्या गोड हिंदीत बोलायला लागला. इथली जुनी घरं जमिनीवर बसलेली नसतात, ती लाकडी खुंटांवर उभी असतात, आणि खाली रिकामी जागा असते, माणूस पोटावर सरपटेल एवढी. भोवतीनं सिमेंटचा बुटका पट्टा, आणि त्या पट्ट्यात ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या. त्यांतून वारा एका बाजूनं शिरतो, दुसरीकडून निघतो, आणि मातीतून उठणारी ओल घेऊन जातो. हे मला प्रसादनं सांगितलं आणि मी लगेच समजलो, कारण गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की खालची पोळी भिजते, हे उर्मिलेनं, माझ्या बायकोनं, मला हजारदा सांगितलं होतं. ती असती तर तिनं घराच्या बाबतीतही ओळखलं असतं. प्रसादनं मागच्या कपाटातली फळी उचलली, डोक्याला दिवा बांधला आणि खाली गेला. मी पलंगावर बसून ऐकत होतो. माझ्या पायांखाली एक माणूस पोटावर चालला होता. खरवड, थांब. खरवड, थांब. मग तो एकदम लांबून म्हणाला, "काका, हियां तो हवा नहीं आवे."

वर आला तेव्हा त्याच्या कोपरांना काळा चिखल होता. त्यानं बाहेर जाऊन किल्ल्यामागची मोहरीची वाळकी रोपं बाजूला केली, जाळीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि काहीतरी ओढून काढलं. बुचासारखं. तांदळाच्या पोत्याचा तुकडा मातीत कालवून आत कोंबलेला, वाळून दगड झालेला. अवोन्डेलच्या दुकानातून आपण बासमती आणतो त्याचं पोतं, त्यावरचं लाल नाव अजून वाचता येत होतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं. "ई कौन करिस, काका?" आणि मी बघितलं. मातीवर बोटं उमटलेली होती. चार छोटी बोटं, ओळीनं, आणि खाली अंगठा, दाबून, नीट दाबून, जसं मोदकाचं तोंड बंद करतात. आणि बुचाच्या आतल्या बाजूला, अंधाराकडे तोंड करून, प्लास्टिकचा एक मावळा खोचलेला होता. पहाऱ्यावर. भाला उचलून.

त्या क्षणाला मला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही असं म्हणायची माझ्यावर आजवर पाळी आलेली नाही. उन्हात उभा होतो. शेजारच्यांच्या कपडे वाळत घालायच्या छत्रीसारख्या दांड्या वाऱ्यानं फिरत होत्या. हातातलं बूच गार होतं आणि ते जड होत चाललंय असं वाटलं. किल्ला बांधत होतो तेव्हा मी खुर्चीत होतो. घडीच्या निळ्या खुर्चीत, डोक्याला टोपी, हातात चहा, आणि हुकूम सोडत होतो. बुरूज इकडे. तळं तिकडे. ओवी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून चिखल तुडवत होती, गुडघ्यापर्यंत माखलेली, आणि तिला त्या जाळ्या दिसल्या. "आजोबा, व्हॉट्स दिस?" माझ्यासारख्या माणसाला कुणी असा प्रश्न विचारू नये. जाळी आहे, हवा खेळते, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो, पण तेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ही भुयारं. प्रत्येक गडाला असतात. आणि मग मी एक गड रचला, जो कुठल्याच नकाशात नाही, त्यावर एक किल्लेदार बसवला, आणि त्याच्या गडाला दिलं एक भुयार, जे एका रात्री कुणीतरी उघडं ठेवलं. शत्रू कसा आला तिथून! वाकून, दिवे विझवून, पायांना कापड बांधून. मी आवाज बारीक केला. ओवीच्या हातातला चिखल तसाच हातात राहिला. "अँड देन?" आणि मग काय, सकाळी गडावर कुणी उरलं नाही. मी असं म्हणालो. मुलं घाबरली की गोष्ट चांगली झाली असं मी समजतो. त्यानंतर ती पोतं मागायला आली, मी दिलं. बादली घेऊन ती घराला फेरी मारत होती, दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची, आणि मला वाटलं, खेळतेय. ऊन छान होतं. बहुतेक मला डुलकी लागली. माझी नात आपल्या आईबापांना, मला, आपल्या झोपेला शत्रूपासून वाचवत होती, एकेक भुयार बंद करत, आणि प्रत्येकात आपला एक माणूस ठेवत. मी तिला हवेची भीती विकली, आणि तिनं ती पूर्ण किमतीला घेतली.

मावळा काढून मी सदऱ्याच्या, म्हणजे आता पँटच्या, खिशात घातला, आणि बुचावरची बोटं अंगठ्यानं घासून टाकली. दगड झालेली माती, सहज निघेना. थुंकी लावली. प्रसाद बघत होता. मग तो पुढच्या जाळीकडे गेला, तिथलं बूच काढलं, मावळा काढला, आणि तो नुसता माझ्या हातावर ठेवला. असे मावळे जमत गेले. मी ते आतल्या नळाखाली धुतले आणि तिच्या खेळण्यांच्या डब्यात टाकले, इतर गर्दीत. मग यशोधन गाडीतून उतरला, हॉस्पिटलमध्ये रात्र काढून आलेला, डोळे लाल. त्यानं पोत्याचे तुकडे बघितले. प्रसादनं त्याला इंग्रजीत सगळं समजावलं, वाऱ्याचं, ओलीचं, आता जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावं लागेल, गटाराचा पाइप फुटलाय तो बदलावा लागेल, वाळायला वेळ लागेल. यशोधननं सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळला. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"उंदीर येतात अशा भोकांतून. मला वाटलं, बुजवून टाकावीत. पुण्याच्या वाड्यात घुशींनी..."

"अण्णा." त्यानं मला थांबवलं. आवाज चढवला नाही. माझा मुलगा ओरडत नाही, तो ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, शांतपणे. "अण्णा, तिला परवा श्वास येत नव्हता. अँब्युलन्समध्ये ती मला विचारत होती की मी मरणार का." मग त्यानं माझ्याकडे बघणं थांबवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? एक शब्द विचारायचा होता. एक." फोनवर ओवीजवळ बसलेल्या विभावरीशी बोलताना तो खोलीत गेला आणि दार लावलं. दाराला फट आहे, ओल्या लाकडानं फुगून दार नीट बसत नाही. "तिकीट अलीकडचं करून घेऊ" एवढं ऐकू आलं. मला राग आला नाही. उलट एक विचित्र हलकेपणा वाटला. पहिल्यांदाच माझं खोटं कुणी एका बैठकीत, घासाघीस न करता घेतलं होतं. फक्त ते ओवीपर्यंत असंच्या असं पोहोचायला हवं होतं. आठ वर्षांच्या पोरीनं आयुष्यभर हे घेऊन फिरायचं? छातीत शीळ वाजली की दर वेळी तिला आपलीच बोटं आठवायची? नाही. मी जाईन पुण्याला, तिथं कोरडं आहे. तिनं म्हणायचं, आमच्या आजोबांनी एक वेडेपणा केला होता. एवढंच.

वाफ संपत आली होती. यंत्राचा आवाज बदलला, खरखर झाली. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये पाऊस उभा होता. नर्स येऊन बोटाला लावलेला चिमटा बघून गेली, "डूइंग वेल, डार्लिंग" म्हणाली. ओवीचा खळगा अजून आत जात होता, पण मघापेक्षा कमी. की मला तसं हवं होतं म्हणून कमी.

"आजोबा," ती मास्कमधून म्हणाली, "वॉज इट द होल्स? बाबा सेड ऑन द फोन."

मी समुद्र सोडून दिला. "हो, बाळा. घराला नाकं असतात, खाली. ती कुणीतरी बुजवली."

"हू?"

"कोण असणार? मी. तुझा शहाणा आजोबा." मी हसलो. गादीवर बसून हसायचो तसं, पूर्ण तागा उलगडून. "पुण्याचा माणूस मी. मला वाटलं, उंदीर येतील. एकेक बूच तयार केलं आणि ठोकलं आत. बाबा इतका चिडलाय माझ्यावर, तू आता चिडू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय आहे ते कळेना. गिऱ्हाइकाचा चेहरा मी शंभर पावलांवरून वाचतो, घेणार की नुसती उलगडून बघणार. हा वाचता येईना.

"द वन बाय द टॅप?" तिनं विचारलं.

"नळाजवळचं? ते मीच केलं."

"बिहाइंड द हायड्रेंजा?"

"तेपण. फांद्यांनी ओरबाडलं मला, हे बघ." हातावर एक जुना डाग होता, तो दाखवला. ती त्याच्याकडे नीट वाकून बघून मागे टेकली. मला बरं वाटलं. डाग माणसांना पटतो.

"अँड द वन अंडर द डेक?"

डेकखालच्या, म्हणजे लाकडी ओट्याखालच्या, जाळीबद्दल प्रसाद काही बोलला नव्हता. तिथं जाळी आहे हेच मला माहीत नव्हतं. पण दुकानात कधी 'नाही' म्हणायचं नसतं. "ती तर सगळ्यात आधी," मी म्हटलं. "पोटावर गेलो. मगरीसारखा. तुझी आई वरून चालत गेली, तिला कळलंसुद्धा नाही की खाली मगर आहे. मी हात असा लांब केला, आणि..."

ओवीनं दोन्ही हातांनी मास्क खाली ओढला. गालावर त्याची लाल कड उमटली होती. एक श्वास घेतला, थांबली, दुसरा घेतला. मी मास्क परत लावायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"दॅट्स अ लाय, आजोबा," ती मोठ्यांदा म्हणाली, इतकी की पलीकडच्या कॉटवरची माणसं वळली. "देअर्स नो रूम अंडर देअर. बाबा कान्ट फिट. यू कान्ट फिट. ओन्ली मी." श्वास. "आय डिड इट. ऑल ऑफ देम." पुन्हा श्वास, शीळ घालणारा. "अँड दॅट वन्स स्टिल शट. कॉल बाबा. टेल हिम."